पाय लागला तर

नवघरच्या आमच्या क्लबात तीन दिवस ज्युदो असतो आणि दोन दिवस ब्राझिलियन जिऊ-जित्सू. क्लब म्हणजे एका सोसायटीचा हॉल, खाली निळ्या मॅट्स, वर तीन पंखे. त्यातला एक मनात आलं तर फिरतो. शिकवायला मी. आवाज मोठा, डोकं गरम. माझ्या पाठीमागे मुलं मला काय म्हणतात ते मला माहीत आहे, आणि ते फारसं खोटंही नाही.

ज्युदोत समोरच्याला पाडायचं आणि दाबून धरायचं. जिऊ-जित्सूत तर बहुतेक वेळ जमिनीवरच. पाठीवर पडून समोरच्याला पायांनी अडवायचं. म्हणजे पाय माणसाला लागणारच. कमरेला, छातीला, कधी थेट तोंडाला. आणि आमची गाडी अडते ती नेमकी इथे. पाय लागला की आपल्याकडचा माणूस हातातली पकड सोडतो, समोरच्याला शिवून तो हात कपाळाला लावतो आणि "सॉरी, सॉरी" म्हणतो. तेवढ्यात समोरच्याने त्याचा गळा आवळलेला असतो.

यात मराठी, गुजराती, यूपीवाले, सगळे सारखे. उत्तनचे एक काका येतात, घरची बोट असलेले, रविवारचं चर्च न चुकवणारे. म्हटलं, निदान हे तरी यातून सुटलेले असतील. पहिल्याच दिवशी त्यांचा पाय एका बँकवाल्याच्या पोटाला लागला आणि काकांचा हात कपाळाला गेला. "अहो काका, तुम्ही पण?"

"मंग? मानसाला पाय लावायचा न्हाय, मॅडम. आमच्यात पन तसाच हाय."

मी डोक्याला हात लावला. शेवटी गेल्या वर्षी नियमच केला: मॅटवर हात कपाळाला गेला की दहा जोर. "बाहेर जाऊन अख्ख्या गावाच्या पाया पडा, इथे पकड सुटता कामा नये!" पहिला महिना तर शिकवणं कमी आणि जोरच जास्त चालले होते.

खरं सांगायचं तर नियम मी एकीसाठीच काढला होता, बाकीचे बिचारे उगाच भरडले गेले. ही मुलगी गोडदेवची. भाईंदरला स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात पॅकिंगला आहे. दिवसभर उभं राहून संध्याकाळी मॅटवर यायची, पण आज दमलेय असं तिच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही. तिला पोलीस व्हायचं होतं. साध्या भरतीत दोनदा थोडक्यात राहिली. आता खेळाडूंच्या जागेवर अर्ज करायचा, तर राज्य स्पर्धेचं पदक हवं, आणि राज्याला जायला जिल्ह्यात पहिलं यायला हवं. तिच्या वजनात जागा एकच. पुढच्या वर्षी भरतीचं वयही उलटणार. मागच्या वर्षी ज्युदोच्या जिल्हा फायनलला समोरचीच्या खांद्याला हिचा पाय लागला, हिचा हात कपाळाला गेला, आणि समोरचीने वीस सेकंद दाबून धरून मॅच संपवली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. वर्षभर मी तिला सोडलं नाही.

यंदा स्पर्धा ठाण्याला होती. पोरगी पुन्हा फायनलला पोचली. समोरची मुलगी उंच, ताकदीने हिच्यापेक्षा भारी. पहिली दोन मिनिटं मी कोपऱ्यातून नुसती ओरडत होते. मग दोघी जमिनीवर आल्या, ती वर, ही खाली. हिने सुटायला अंग वळवलं आणि त्या झटापटीत तिची टाच हिच्या तोंडावर बसली. ओठ फुटला. पंचांनी थांबा म्हटलं नव्हतं. आणि त्या मुलीने, एवढ्या मोठ्या मॅचमध्ये, पकड सोडली. हिच्या खांद्याला हात लावून कपाळाला नेला. "सॉरी गं," म्हणाली. मला स्पष्ट ऐकू आलं.

आमची पोरगी थांबली नाही. कपाळाकडे गेलेला तो हात तिने बगलेत धरला, तिला पाठीवर उलटवलं आणि सगळं वजन तिच्या छातीवर टाकलं. ती खालून धडपडत होती आणि मी सेकंद मोजत होते. पंचांनी हात वर केला तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. उठून ओरडले, "शाब्बास! याला म्हणतात सवय मोडणं!" अख्ख्या हॉलने ऐकलं.

पलीकडच्या कोपऱ्यात त्या मुलीचे सर तिला झापत होते. "पाया कशाला पडलीस? पकड सोडायची असते का?" शब्द न् शब्द माझे. ती खाली बघत म्हणाली, "लागला ना, सर, पाय तिला."

थोड्या वेळाने तीच आमच्याकडे आली, रुमालात बर्फ घेऊन. आमच्या पोरीच्या हातात दिला.

"दात हलला नाही ना गं?"

"नाही."

"भरतीचं करतेयस?"

"हो."

"मी पण." ती म्हणाली, "माझं वय आता बसणार नाही. चल, एकीचं तरी होईल." हसली, माझ्याकडे बघून मान लववली आणि गेली.

परत येताना घोडबंदर रोडवर एका हॉटेलात बसलो. मी इडली मागवली, म्हटलं फुटलेल्या ओठाला मऊ पडेल. तिने एक तुकडा मोडला आणि तसाच ठेवला. मेडल पिशवीत होतं, ते तिने अजून काढून पाहिलं नव्हतं.

"मॅडम, बरोबर केलं ना मी?"

"नियमात होतं. पंच थांबा म्हणाले नव्हते."

"नियमाचं नाही विचारलं."

वेटर पाण्याचे ग्लास ठेवून गेला. मला उत्तर टाळायचं होतं, पण ती माझ्याकडे बघत राहिली.

"तुझ्या जागी मीही हेच केलं असतं," मी म्हणाले. "आणि मलाही घास उतरला नसता."

तिने मान हलवली. डोळे भरले होते, पण आवाज सरळ होता.

"राज्याला मी जाणार, मॅडम. जीव तोडून खेळणार. पण आजच्यासाठी मला शाब्बास म्हणू नका."