घर मागे जोडून दुक्मला

तिसऱ्यांदा रजा नाकारल्याचं नवऱ्याने फोनवर सांगितलं, तेव्हा मी सासूबाईंच्या डोक्याला तेल लावत होते. स्पीकर चालूच होता. ‘‘पुढच्या महिन्यात येतो, इन्शाल्ला,’’ म्हणाले आणि फोन ठेवला. सासूबाईंनी विचारलं, दुक्म इथून किती लांब आहे?

नवरा ओमानच्याच किनाऱ्यावर, पाचशेहून जास्त किलोमीटरवर, दुक्मच्या एका प्रकल्पावर सेफ्टी सुपरवायझर. राहणं कॅम्पात, एका खोलीत चौघे. मी, सासूबाई आणि सोळा वर्षांची मुलगी राजधानीत, हमरियात. मी इथे व्हॅन चालवते. सकाळी मुलांना शाळेत सोडायचं, दुपारी घरी आणायचं. ईदनंतर नवऱ्याचं तोंड आम्ही फक्त फोनवर पाहिलं होतं.

आमच्या इमारतीच्या मागे मालकाची कॅरव्हॅन, म्हणजे गाडीमागे जोडायचं चाकांवरचं घर, धूळ खात उभी असायची. मालक म्हातारा ओमानी, आम्ही सगळे त्याला अर्बाब म्हणतो. त्याची नातवंडं माझ्याच व्हॅनमधून शाळेत जातात. हिवाळ्याच्या सुट्टीत कॅरव्हॅन द्याल का, असं विचारायला गेले तेव्हा वाटलं होतं, हसेल. तो म्हणाला, ‘‘माझी नातवंडं तुझ्या हातात देतो, मग हा डबा काय चीज आहे?’’ ओढायला त्याने स्वतःची मोठी गाडीही दिली. तीन शुक्रवार रिकाम्या मैदानात त्याने मला कॅरव्हॅन मागे घ्यायला शिकवलं.

बातमी मोठ्या दिरांच्या कानावर गेली. त्यांचं रुवीत दुकान आहे. ते घरी आले, खुर्चीवर बसले आणि बाईमाणसाने असं घर ओढत समुद्रकाठाने हिंडणं शोभत नाही, हे बराच वेळ समजावत राहिले. तिकडे सगळे पुरुष, तुम्ही कुठे उतरणार, लोक काय म्हणतील. मी चहा दिला. नंतर त्यांनी भावाला फोन लावून दिला आणि नवऱ्यानेही तेच सांगितलं: येऊ नका. मी विचारलं, ‘‘मग तुम्ही येता का?’’ ड्यूटीची वेळ झाली म्हणत त्यांनी फोन ठेवला.

पुढच्या शनिवारी सकाळी आम्ही तिघी निघालो.

कुरियातवरून तिवीला आलो. तिथल्या वाडीच्या, म्हणजे डोंगरातल्या नदीच्या घळीच्या, तोंडाशी कॅरव्हॅन लावली आणि खजुरांच्या सावलीतून चालत पाण्यापर्यंत गेलो. सासूबाईंनी चपला काढल्या, दगडावर बसल्या आणि पाय पाण्यात सोडले. रत्नागिरीकडच्या खाडीकाठचा त्यांचा जन्म. ‘‘सहा वर्षं मला वाटायचं, या मुलखात पाणी बाटलीतच असतं,’’ त्या म्हणाल्या. तासभर त्या तिथून उठल्या नाहीत. मुलगी खाली डोहापर्यंत जाऊन भिजून आली. तिला कुणीच ओरडलं नाही.

पुढे सूर शहरात खाडीजवळ जागा अरुंद होती. कॅरव्हॅन मागे घ्यायला लागले तशी माणसं जमली. एक डावीकडे हात करतोय, एक उजवीकडे. त्यातल्या एका हिंदुस्तानी ड्रायव्हरने काचेवर टकटक केलं आणि म्हणाला, मॅडम, चाबी दो, दो मिनिट का काम है. मला घाम फुटला होता. पण मी काच वर केली. सातव्या खेपेला कॅरव्हॅन दोन गाड्यांच्या मध्ये बसली. मुलगी म्हणाली, आई, ते लोक अजून बघतायत. म्हटलं, बघू दे.

अल् अश्खराच्या किनाऱ्यावर दिरांचा फोन आला, मी स्पीकर लावला. आईला तिथेच थांबवा, मी न्यायला येतो, असं ते म्हणत होते. सासूबाई तेव्हा कोळ्यांकडून घेतलेली सुरमई साफ करत होत्या. ओले हात तसेच ठेवून त्या फोनजवळ वाकल्या. ‘‘मला कुणी पळवून नेत नाहीये. मी माझ्या पोराकडे चाललेय,’’ म्हणाल्या आणि मला फोन बंद करायची खूण केली.

तिथून पुढचा रस्ता एकीकडे समुद्र आणि दुसरीकडे वाळू. वारा वाळू डांबरावर आणून टाकत होता. कॅरव्हॅन मागून डोलायची आणि मला स्टिअरिंगमध्ये ते कळायचं. दोनदा थांबून चाकांपुढची वाळू आम्ही फावड्याने ओढली. मनात आलं, दीर म्हणत होते ते बरोबर निघालं तर? पण परत फिरायचं तर वाळू तीच होती.

दुक्मला कॅम्पाच्या फाटकावर पहारेकऱ्याने नम्रपणे सांगितलं की बायकांना आत परवानगी नाही. मी म्हटलं, आत यायचंच नाही. कॅम्पापासून थोड्या अंतरावर समुद्राकाठी कॅरव्हॅन लावली, नवऱ्याला जागा कळवली, बर्फात ठेवलेल्या सुरमईचं कालवण केलं आणि भात टाकला.

ड्यूटी संपल्यावर ते आले. हेल्मेट हातात, चेहरा रागाने लाल. मागे दोन सोबती होते, ते लांबच थांबले.

‘‘तुला कुणी सांगितलं होतं यायला?’’

‘‘कुणी नाही. म्हणून तर आले.’’

उद्या सकाळी परत जा, ते म्हणाले. मी बोलणार इतक्यात मुलगी पुढे झाली. घरी ती बापाशी इंग्रजीतच बोलते. त्या दिवशी आजीला समजावं म्हणून मराठीत बोलली, एकेक शब्द शोधत. ‘‘अब्बा, तुम्ही तीन वेळा नेक्स्ट मंथ बोलले. आम्ही एक वेळा आलो. आम्ही नाही जाणार.’’

नवऱ्याने तिच्याकडे पाहिलं, मग आईकडे. सासूबाईंनी ताट वाढून पुढे केलं. ते वाळूतच बसले आणि जेवू लागले. ताट अर्धं झाल्यावर म्हणाले की सुरमई चांगली झालीय. मग त्या दोघांनाही हाक मारली. त्यातला एक वसईचा होता. त्याने दोनदा कालवण मागून घेतलं आणि आपल्या बायकोचा फोटो दाखवला.

आम्ही चार दिवस राहिलो. ते रोज कामावरून थेट आमच्याकडे यायचे. तिसऱ्या दिवशी सुपरवायझर म्हणून नाही, बाप म्हणून अर्धा दिवस मागितला आणि तो मिळाला. त्या दुपारी बापलेकींनी किनाऱ्यावर शिंपले गोळा केले. माझ्याशी बोलताना मात्र त्यांचा आवाज अजून थोडा ताठ होता. असू दे. मी माफी मागायला गेले नव्हते.

हमरियात परतल्यावर दीर महिनाभर आमच्याकडे फिरकले नाहीत. मार्चमध्ये नवऱ्याची रजा पुन्हा नाकारली. या वेळीही, येऊ का, असं मी विचारलं नाही. शुक्रवारच्या सुट्टीआधी, गुरुवारी ड्यूटी किती वाजता सुटते, एवढंच विचारलं. त्यांनी वेळ सांगितली.