एक मिनिट सिस्टर

वॉर्डात सगळे तिला 'एक मिनिट सिस्टर' म्हणत. कोणीही हाक मारली की हातातलं काम टाकून "एक मिनिट, आले" म्हणत ती धावायची. फोन वाजला की तीच उचलणार, चादरी संपल्या की तिलाच विचारणार. सव्वीस वर्षांत तिने कुणाला नाही म्हटलं नव्हतं, आणि खोटं कशाला बोला, तिला त्याचा अभिमानही होता.

त्या सोमवारी औषधं वाटताना फोन वाजला. ती उचलून आली आणि सात नंबरची गोळी आठ नंबरच्या आजोबांच्या हातावर ठेवली.

"बाई, माझी पांढरी असते. ही गुलाबी कशी?" आजोबांनी विचारलं.

गोळी पोटात गेली नव्हती, कोणी पाहिलंही नव्हतं. तरी तिने चूक स्वतःच वहीत लिहिली आणि घरी जाऊन राजीनामाही लिहिला. नवऱ्याने परोपरीने समजावलं, पण तिने धसकाच घेतला होता. उद्या आपल्या हातून माणूस जाईल, हेच तिच्या डोक्यात.

मेट्रनबाईंनी राजीनामा वाचून खणात ठेवला. "उद्या फेरीला मी तुमच्या मागे चालते. मग बघू."

आता आपलं काही खरं नाही, असं सिस्टरला वाटलं. सकाळी मेट्रनबाई औषधांच्या गाडीमागे मुकाट चालल्या. मध्येच कोणी सिस्टरला बोलावलं, की त्या कागदावर रेघ मारायच्या. फेरी संपली तेव्हा एकोणीस रेघा झाल्या होत्या.

"एकोणीस वेळा तुम्हाला ओढून नेलं," त्या म्हणाल्या. "माझ्या हातून तर चार गोळ्या बदलल्या असत्या. चूक तुमची झाली, पण ती व्हावी अशी चोख व्यवस्था आम्हीच केली होती."

सिस्टरला रडू आवरेना. आजवर तिला हाका सगळ्यांनी मारल्या होत्या, तिच्या मागे चालून कोणीच पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी वॉर्डातला फोन मेट्रनबाईंच्या समोरच्या खोलीत गेला. गाडी फिरत असताना, कुणाच्या जिवावर बेतल्याशिवाय, सिस्टरला हाक मारायची नाही असं ठरलं. फेरी आठ नंबरपाशी आली आणि फोन वाजला. तिचे पाय सवयीने वळलेच.

"आहेत, पण औषधं देतायत," उघड्या दारातून मेट्रनबाईंचा आवाज आला. "यजमान असलात म्हणून काय झालं? अर्ध्या तासाने करा."

"बाई, तुमच्या घरचा फोन आहे," आजोबा म्हणाले.

"असू दे. आधी तुमची पांढरी गोळी."

उरलेल्या सगळ्या खाटा संपवून ती मेट्रनबाईंकडे गेली, आपला राजीनामा परत मागून घेतला आणि मग नवऱ्याला फोन लावला.