साहेबांच्या लॉनवर शेण

"अहो, लॉन कुठाय माझं?" साहेब ओरडले.

लॉन जागेवरच होतं. शेणाखाली होतं.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. पेणला रामवाडीत माझं कार्पेट बसवायचं दुकान होतं. रोह्याच्या एका कंपनीतल्या मॅनेजरसाहेबांनी अंगणात सिंथेटिक लॉन, म्हणजे प्लास्टिकचं गवत टाकायला बोलावलं. दुसऱ्या दिवशी मुलीचा साखरपुडा होता. पुण्याच्या व्याह्यांवर छाप पाडायची होती. मी मुरूम चोपून घेतला, वर रोल अंथरले. सगळ्या रोलची पाती एकाच बाजूला झुकलेली हवीत, नाहीतर जोड दिसतो. जोड दिसत नव्हता. खुशीत चहाला गेलो, तेवढ्यात साहेबांच्या आईनं सगळं सारवून टाकलं.

"शुभकार्य हाय, अंगण सारवायला नको?" आजी म्हणाल्या. "आणि तुझं हे हिरवं जाजम शेण धरतच नाय मेलं!"

माझं डोकंच फिरलं. पण आजींशी भांडणार कोण? अंधार पडेपर्यंत पाइप आणि खराटा घेऊन धूत बसलो. आजी रुसल्या. "बिनसारवल्या अंगणात मी पाय ठेवायची नाय," म्हणाल्या. नात रडायला लागली, "आजी नाही तर मी पाटावर बसणार नाही!"

"काहीतरी करा हो," साहेब मलाच म्हणाले. घ्या! लॉनवाल्यानं आता रुसवेही काढायचे!

सकाळी साहेब आंघोळीला गेल्यावर मी कटर काढला आणि मधोमध चौकोन कापला. खाली मुरूम. "घ्या आजी, सारवा." आजींनी सारवलं, रांगोळी काढली, पाट मांडले. साहेब बाहेर आले.

"भोक पाडलंत लॉनला? परत दारात दिसू नका!"

पैसे मिळायचे होते, म्हणून मी फाटकाबाहेरच थांबलो. भर दुपारी व्याही आले. मे महिना. विधीसाठी सगळ्यांनी चपला काढल्या आणि लॉनवर पाय ठेवले. प्लास्टिक तव्यासारखं तापलेलं.

"अगं आई गं!" व्याही उड्या मारत सुटले ते थेट आजींच्या चौकोनात. मागोमाग सगळी पाहुणेमंडळी. भटजी तर एका पायावर उभे. साखरपुडा तिथेच, चेंगराचेंगरीत झाला.

"काय गार वाटतंय सारवणावर!" व्याही घाम पुसत म्हणाले. "पण भोवती हे हिरवं कशाला?"

आजी म्हणाल्या, "पोराची हौस हाय."

तेव्हापासून कुठेही लॉन टाकायला गेलो, की टेप काढायच्या आधी विचारतो, घरात आजी आहेत का? असतील तर आधी त्यांची जागा सोडतो, मग रोल उलगडतो.