गच्चीवरची तार

माझ्या सासूच्या हाताला मुंग्या यायला लागल्या, त्या गच्चीवर सोलर बसलं त्याच उन्हाळ्यात. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल, हे घरात कुणाच्या मनातसुद्धा आलं नाही. डॉक्टर म्हणाला, साखर जराशी वाढलीय. गोळ्या दिल्या आणि गोड चहा बंद केला. तिला मी मायच म्हणते. चहा सुटल्यापासनं माय घरात सगळ्यांवर डाफरायला लागली, आणि मुंग्या काही जाईनात.

सोलरचं खूळ आमच्या ह्यांचं. हे हिंगोलीच्या मोंढ्यात एका आडतीवर दिवाणजी. दिवसभर लोकांच्या हळदीचे हिशेब करायचे आणि घरी आलं की आमचे. लाईट बिल माझ्यापुढं नाचवत ह्यांनी मला समजावलं, की तीन किलोवॅटपर्यंत सरकार अनुदान देतं. त्याच्यावर कितीही मोठं बसवा, छदाम वाढत नाही. पण सगळे पैसे आधी आपण भरायचे. मग नवा मीटर लागणार, वीज कंपनीचा साहेब येऊन तपासणार, आणि मग कुठं अनुदान खात्यात पडणार. त्यासाठी बँकेचं कर्ज काढलं. मला पहिल्यापासनं हे बराबर वाटत नव्हतं, पण माझं ऐकतंय कोण!

फिटिंगवाला म्हणाला, प्लेटा गच्चीला लागून बसवल्या तर खर्च कमी. उंच स्टँड पाहिजे असेल तर त्याचे पैसे वेगळे, त्याला सरकार काही देत नाही. माय अडून बसली.

"आन मी हळद कुठं वाळवू? कुरडया कुठं घालू? तुमच्या डोक्यावर?"

उंच स्टँड घेतलं. मग तो खर्च कुठनं तरी भरून काढायचा म्हणून ह्यांनी अर्थिंगला कात्री लावली. तीन खड्डे लागत होते, एकावर भागवलं. जमिनीत पुरलेलं कोण बघायला येतंय, म्हणे. "सायबाचं मी बघून घेतो, भाभी," फिटिंगवाला मला म्हणाला. त्यानं अंगणात खड्डा खणला, सळई पुरली, मीठ आणि कोळसा भरला, वर झाकण ठेवलं. जाताना मात्र बजावून गेला, उन्हाळ्यात ह्याच्यात रोज बादलीभर पाणी टाका, माती कोरडी पडली की ही सळई असून नसल्यासारखी.

आता आमच्याकडं उन्हाळा म्हणजे टँकर. भांडी धुतलेलं पाणीसुद्धा आमच्यात कढीपत्त्याला जातं, आणि त्याच्यावर मायचा पहारा. "भरली बादली मातीत वतायची? याड लागलं का तुमाला?" म्हणत तिनं त्या झाकणावर कोंबड्यांचं खुराडं आणून ठेवलं. विषयच संपला.

स्टँड चांगलं डोक्याच्या वर. खाली सावली, वारा. मायनं स्टँडच्या ह्या खांबापासनं त्या खांबापर्यंत लोखंडी तार ताणून घेतली आणि त्याच्यावर धुणं वाळत घालायला लागली. आधी ती धुण्याला हात लावत नव्हती. आता सोलर बघायला म्हणून रोज दुपारी स्वतः बादली घेऊन वर जायची. अनवाणी.

मधे दोन-तीन दिवस आभाळ भरून आलं होतं. माय म्हणाली, आज हात बरा हाय. मग ऊन पडलं आणि हात पुन्हा बिघडला. हात ढगाळ दिवशी बरा आणि उन्हात वाईट, अशी कुठली साखर असते?

एक दिवस माय बहिणीकडं गेली, म्हणून धुणं घेऊन मी वर गेले. ओली चादर तारेवर टाकली, आणि बोटापासनं कोपरापर्यंत सर्रकन काहीतरी चावत गेलं. मी मागं सरले. तार नुसती तार होती. डोक्यावर प्लेटांवर रणरणतं ऊन, खाली माझे ओले पाय, आणि कुठं आवाज नाही की ठिणगी नाही. त्या शांततेचीच मला भीती वाटली. म्हातारी रोज हिला हात लावते, हे आठवलं आणि मी तशीच खाली पळाले.

रविवार होता, हे घरीच होते. ह्यांना हाताला धरून वर आणलं.

"लावा हात."

"काहून?"

"लावा म्हणते ना!"

ह्यांनी हात लावला आणि झटकला. तोंड पांढरंफटक. मला वाटलं, आता फिटिंगवाल्याला फोन करतील. पण हे कठड्यावर टेकले आणि हळूच म्हणाले, "अनुदान पडू दे आधी. आत्ता बोंब मारली तर सायेब नापास करून जाईल. पैसे अडकले तर हप्ते कुठनं भरू?"

"आन माय मेली तर? ती धरली का तुमी हिशेबात?"

आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, पण ह्यांचा एवढा संताप मला कधी आला नव्हता. पक्कड आणून मी ती तार सोडवली, अंगणात दोन बांबू उभे करून सुती दोरी बांधली. खुराडं ओढून बाजूला केलं. कढीपत्त्याचं पाणी त्या दिवसापासनं खड्ड्यात.

मायला सगळं सांगितलं, उन्हात प्लेटा वीज करतात, ती गळून स्टँडात उतरते, आणि खड्डा कोरडा म्हणून जमिनीत जात नाही. ती हसली. "वीज खाली मीटरमधी हाय, वरी कशी येईन?" कढीपत्ता वाळला म्हणून माझ्याशी बोलायची बंद झाली. पण आठवडाभरात तिच्या मुंग्या गेल्या. माय गल्लीभर सांगत सुटली की गोळ्या लागू पडल्या, डॉक्टर म्हणजे देवमाणूस.

ते ऐकून शेजारची चाची आमच्या दारात आली. तिच्या घरावरही सोलर, आणि त्याच फिटिंगवाल्याचं. आमचं बघून गल्लीतल्या कितीतरी जणांनी बसवून घेतलं होतं, आणि मायचं बघून स्टँडला धुण्याची तारही ताणली होती.

"डॉक्टरचा पत्ता दे गं बेटी. माझ्याबी हाताला तीच तकलीफ हाय. सुनेलाबी व्हऊन राहिली."

मी विचारलं, "चाची, तुमच्या खड्ड्यात पाणी टाकता का?"

"कसला खड्डा?"

"अर्थिंगचा. सळई पुरलेला."

"तो तुमच्यात हाय की." चाचीनं आमच्या अंगणाकडं बोट केलं. "तो बोलला, गल्लीचा मिळून एकच बस हाय. खर्च वाचला आमचा."

आमच्या खड्ड्यातनं एकच तार निघते आणि ती आमच्याच भिंतीवरनं वर जाते. चाचीच्या घराकडं काहीच गेलेलं नाही. कुणाच्याच घराकडं गेलेलं नाही. मी तोंड उघडणार तेवढ्यात पलीकडच्या जिन्यावरनं चाचीच्या सुनेची हाक आली, "अम्मी, कपडे मी टाकते वर, तुम्ही बसा!" मी चपला न घालता त्यांच्या जिन्याकडं पळत सुटले.