नावातल्या मोकळ्या जागा

घशाच्या शस्त्रक्रियेनंतर मोठ्या आईचा, म्हणजे माझ्या थोरल्या काकूचा, आवाज राहणार नाही, असे नागपूरच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले होते. नागपूरला जाण्याच्या आदल्या दिवशी तिने एकोडीच्या शेतात भाताच्या रोवणीचे गाणे म्हटले आणि आईने ते मोबाइलवर घेतले. आमच्याकडे असे गाणे ज्या बांधीत म्हटले, त्या भाताच्या तुकड्यावरून ओळखतात. आईने फाइलला तेच नाव दिले: ‘तलावाखालची मोठी बांधी’. तीन शब्द, मध्ये दोन मोकळ्या जागा.

माझ्या फाइलींच्या नावांत मोकळी जागा कधीच नसते. त्यांच्यावरच तपासून मी पायथनमध्ये प्रोग्रॅम लिहिला होता: नाव आज्ञेच्या ओळीत जोडायचे, ध्वनी साफ करणाऱ्या साधनाकडे ती ओळ पाठवायची, मग मूळ फाइल पुसायची.

शस्त्रक्रियेनंतर महिन्याभराने मोठी आई गाणे ऐकायला येणार होती. त्या सकाळी मी प्रोग्रॅम चालवला. पडद्यावर उमटले: ‘तलावाखालची’ ही फाइल सापडत नाही. आज्ञेत नाव पहिल्याच मोकळ्या जागेवर तुटले होते. साधन अपयशी ठरले का, हे प्रोग्रॅम तपासतच नव्हता. पुसणाऱ्या ओळीला मात्र पूर्ण नाव नीट कळले. फाइल गेली. प्रोग्रॅमने अशी पुसलेली फाइल कॉम्प्युटरच्या कचरापेटीतही जात नाही.

मोबाइलमधली प्रत पुसायला आईला मीच सांगितले होते.

“आई, ते गाणं मोबाइलमधून पुसलंस का?”

“काहून वं? तूनंच तं सांगतलं होतं, मोबाइल भरला म्हणून.”

“मग पुसलंस?”

तांदूळ निवडता निवडता ती म्हणाली, “तुह्या कंप्युटरच्या भरोशावर? मी का येडी हावो?”

मी तिच्या मोबाइलमधून फाइल घेतली, नाव तुटू नये म्हणून आज्ञेचा प्रत्येक भाग यादीत वेगळा दिला, अपयश येताच थांबण्याची अट घातली आणि पुसणारी ओळ काढून टाकली. नाव बदलले नाही.

दुपारी मोठ्या आईने साफ केलेले गाणे डोळे मिटून ऐकले. मग पाटी ओढून लिहिले: ‘वारा कायले काढला?’

मूळ फाइल जागेवर होती. ती मी उघडली. तलावावरचा वारा आधी आला, मग तिचा आवाज.