दोन काठांची पाणबुडी

गेला आठवडाभर मला कारण नसताना हसू येतंय. हमरिया बंदरातल्या ऑफिसात जहाजांच्या यादीवर नजर फिरवताना येतं, शारजाच्या ट्रॅफिकमध्ये पाऊण तास एकाच ट्रकच्या मागे उभा असताना येतं. परवा शेजारच्या गाडीतल्या पठाण ड्रायव्हरने काच खाली करून विचारलं, "भाईसाब, सब खैरियत?" मी म्हटलं, "खलास भाई, सब बोल दिया." तो बिचारा मान हलवून हसला. सात वर्षं जे बोललो नव्हतो ते बोलून बसलोय, आणि त्याची नशा उतरत नाही. शारजात दुसरी कुठली मिळत नाही, म्हणून हीच जरा जास्त चढली असेल.

सात वर्षांपूर्वी मी एका मालवाहू जहाजावर सेकंड ऑफिसर होतो. वय चव्वेचाळीस आणि अजून सेकंड. माझ्याबरोबर शिकलेले कॅप्टन होऊन दाढ्या पांढऱ्या करत होते. आखातात तेव्हा वातावरण तापलेलं. एक-दोन जहाजांना भोकं पडली होती, आणि पाण्याखालून छोट्या पाणबुड्या फिरतात ही बातमी प्रत्येक बंदरात चहाबरोबर मिळायची. म्हणून आम्हा पाच व्यापारी जहाजांचा काफिला करून दिला होता. एकामागे एक, ठरलेल्या अंतरावर, आणि दोन्ही अंगांना एकेक युद्धनौका. लग्नाच्या वरातीला पोलीस असावेत तसं.

माझ्या पाळीचा सुकाणी माझ्याच खाडीचा होता. सुकाणी म्हणजे जहाजाचं चक्र धरणारा, आणि चक्र हातात नसेल तेव्हा ब्रिजच्या, म्हणजे जहाज हाकायच्या खोलीच्या, गॅलरीत उभा राहून पाण्यावर नजर ठेवणारा खलाशी. रत्नागिरीकडच्या त्या खाडीच्या उत्तर काठावर माझं घर, दक्षिण काठावर त्याचा मोहल्ला. तरीत बसलं की एक विडी संपायच्या आत पलीकडे. त्याचे आजोबा मोठ्या युद्धात विलायती जहाजावर कोळसा ओढायला होते. त्यांच्या काफिल्याच्या गोष्टी तो पहाटेच्या पाळीत मला सांगायचा.

"दिवा नाय, शिट्टी नाय. विडी ओढायची तर ओंजळीत. बाजूचं जहाज सबमरीननं फोडलं तरी थांबायचं नाय, असा हुकूम. पाण्यातली माणसं हाका मारायची साब, आणि आजोबांचं जहाज पुढं."

"मग आजोबा काय करायचे?"

"कोळसा टाकायचे."

सबमरीन. तो कायम हाच शब्द वापरायचा, हे इथे सांगून ठेवतो. तेव्हाही मला ते माहीत होतं.

सकाळचे दहा वाजले असतील. समुद्र तेल ओतल्यासारखा सपाट. तो डाव्या गॅलरीतून ओरडला, "साब, पाणबुडी! डाव्या अंगाला बघा, काय झकास..."

'झकास' मी ऐकलं. पण तोवर माझा हात रेडिओवर गेला होता आणि माझ्याच आवाजात कुणीतरी इंग्रजीत सांगत होतं, सबमरीन, सबमरीन, पोर्ट साइड!

पाच जहाजांचे पाच भोंगे सुरू झाले. डावीकडची युद्धनौका जागच्या जागी गिरकी घेतल्यासारखी वळली, तिच्या पाठीवरून हेलिकॉप्टर उठलं. आमच्या कॅप्टनने चक्र पूर्ण फिरवायला लावलं आणि एवढं मोठं जहाज कुशीवर झोपू लागलं. शुक्रवार होता. खाली भंडाऱ्याचा बिर्याणीचा टोप स्वयंपाकघराच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत गेला, परत आला, पुन्हा गेला, आणि आमचा भंडारी "पकडो, पकडो!" करत त्याच्या मागे. चीफ इंजिनियर लाइफजॅकेट अगदी नियमानुसार बांधून वर आला. खाली फक्त टॉवेल.

हेलिकॉप्टर जिथे घिरट्या घालत होतं तिथे मी दुर्बीण लावली. पाण्याबाहेर एक काळी लांब मान. मानेच्या टोकाला चोच. चोचीत आडवा मासा. त्याने मासा सावकाश उभा केला, गिळला, डोक्यावरच्या हेलिकॉप्टरकडे एकदा पाहिलं आणि बुडी मारली.

युद्धनौकेवरून अगदी शांत आवाज आला, "वी हॅव फाउंड युअर सबमरीन. इट इज हॅविंग ब्रेकफास्ट."

पाचही जहाजांवरून रेडिओवर हसणं फुटलं. मीसुद्धा रेलिंगला धरून खाली बसेपर्यंत हसलो. जिवंत असल्याचं हसू वेगळंच असतं. माझ्याशेजारी तोही डोळे पुसत होता. "साब, मी पाणबुडी बोललो, आपली खाडीतली! तुम्ही सबमरीन कशाला केलीत?"

तासाभराने कॅप्टनने मला केबिनमध्ये बोलावलं. तो पंजाबी, भला माणूस, पण काफिला मोडल्याबद्दल त्याला वरून चांगलंच ऐकावं लागलं होतं. टेबलावर माझ्या बढतीचा कागद पडला होता, त्याची सही तेवढी व्हायची होती.

"तो सुकाणी म्हणतो, पाणबुडी हे पक्ष्याचं नाव आहे. तू त्याच्याच भागातला ना? खरं आहे?"

मी म्हणालो, "नो सर. आमच्याकडे पाणबुडी म्हणजे सबमरीनच."

एवढंच बोललो. कॅप्टनने आधी त्या कागदावर सही केली, मग दुसऱ्यावर, सुकाण्याच्या. पुढच्या बंदरात सुकाण्याला उतरवलं. 'धोक्याच्या वेळी चुकीची सूचना' असा शेरा घेऊन तो गेला, आणि त्या शेऱ्यावर त्याला पुन्हा कुणी जहाजावर घेतलं नाही. तो शिडीवर उभा असताना मी त्याला, त्याने काही विचारलेलं नसताना, सांगितलं, "आमच्या काठावर त्याला पाणकावळा म्हणतात रे. तुमच्याकडचं मला कसं कळणार?"

तो म्हणाला, "बरोबर आहे साब. माझीच चूक. दोन काठ, दोन नावं."

माझं जहाज पुढे निघालं.

चीफ ऑफिसर म्हणून मी दोन फेऱ्या केल्या. ब्रिजवर डाव्या गॅलरीत जायचं टाळायचो. मग जमिनीवर आलो, हमरियात नोकरी धरली. आणि पहिल्याच आठवड्यात जेवायला कुठे जावं म्हणून एका कँटीनमध्ये शिरलो, तर गल्ल्यामागे तो! "अरे, सेकंड साब! यल्ला, बसा." तेव्हापासून शुक्रवारी जुम्म्याच्या नमाजानंतर त्याच्या घरी माझं ताट ठरलेलं. पाहुणे असले की तो तीच गोष्ट सांगतो. मान लांब करून पक्षी होतो, टॉवेलवाला इंजिनियर होतो, आणि शेवटी म्हणतो, "आणि सगळा गोंधळ कुणी केला? या गाढवानं!" लोक लोळतात. मीही हसायचो. भाभी मला आणखी मासा वाढायच्या.

गेल्या शुक्रवारी पाहुणे नव्हते. त्यांची मुलगी सतरा वर्षांची, जहाजावरच्या कॅडेटच्या कोर्सला निवडली गेली होती. फॉर्मवर बापाची सही हवी आणि मुदत रविवारपर्यंत. ती दारातच मला म्हणाली, "अंकल, प्लीज टॉक टू हिम. ही लिसन्स टू यू."

मी विषय काढला.

"नाय," तो म्हणाला. "ब्रिजवर एक शब्द चुकला की खलास. आमच्या घरात तो शब्द चुकतो. तुम्ही बघितलंय."

"अब्बा, आय डोन्ट इव्हन स्पीक मराठी ऑन..."

"गप. समुद्र माझ्यावर हसला तेवढं पुरे झालं. तुझ्यावर नको."

पहिल्यांदाच मला कळलं की ती गोष्ट सांगताना तो स्वतः कधी हसलाच नव्हता. आम्हाला हसवत होता. आणि मुलगी मान खाली घालून फॉर्मची घडी करत होती. चौथी घडी, पाचवी.

मी म्हणालो, "आमच्या काठावरही पाणबुडीच म्हणतात."

"काय?"

"त्या पक्ष्याला. पाणबुडीच म्हणतात. पाणकावळा मी पुस्तकात वाचलेलं. कॅप्टनने मला विचारलं होतं. मी नाही म्हणालो. माझा बढतीचा कागद तिथे होता."

बोललो आणि मला उचकी लागली. खरोखरची, मोठी. दर चार सेकंदांनी एक.

"परत बोला," तो म्हणाला.

"पाणबु... हिक... डी."

त्याने माझ्यासमोरचं ताट उचललं आणि आत नेऊन ठेवलं. परत आला, बसला. "सात वर्षं मी घरात पोरांना सांगतो, आपल्या मोहल्ल्याची भाषा चुकीची." उचकी. "माझ्या आजोबांचा शब्द चुकीचा." उचकी. "आणि तुम्ही सेकंड साब, तुम्ही माझी सुरमई..." उचकी. तिथे त्याचं तोंड वाकडं झालं. आधी मला वाटलं रडतोय. तो हसत होता. मग भाभी हसल्या, मग मुलगी, तिला अर्धंच कळलं होतं तरी, आणि उचकीच्या मध्ये मीही. डोकं असं हलकं झालं की खुर्चीचा हात धरावा लागला.

"हसतोय म्हणजे माफ केलं समजू नका हां," तो डोळे पुसत म्हणाला. मग मुलीकडे हात पुढे केला. "आण तो कागद." सहा घड्या उलगडून, मांडीवर सपाट करून, सावकाश सही केली.

ताट मात्र परत आलं नाही. भाभींनी पाणी दिलं, उचकीसाठी.

संध्याकाळी आम्ही तिघं कॉर्निशवर, समुद्राकाठच्या रस्त्यावर गेलो. पाण्यालगत काळ्या पक्ष्यांची लांबच लांब रांग चालली होती, एकामागे एक, ठरलेल्या अंतरावर. मुलीने विचारलं, "व्हॉट आर दोज?"

"पाणबुडी," आम्ही दोघं एकदम म्हणालो.

त्याने माझ्याकडे पाहिलं. "हे लिहून द्या. तेव्हा रिपोर्ट इंग्लिशमध्ये केला होतात. आता मराठीत करा. मग बघू ताटाचं."

म्हणून लिहितो आहे. कॅप्टनसाहेब, तुम्ही विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर: हो, पक्षीच आहे. दोन्ही काठांवर.