मंडईचा मनोरा

रविवारी सकाळी फोनवर नकाशा उघडून पुण्यातल्या इंग्रजांच्या काळातल्या इमारती बघायला एकटाच निघालो. पहिलंच ठिकाण मंडई! जन्मभर जिथे भाजी घेतली, तिथे काय डोंबल बघायचं? तरी बाहेर बसणाऱ्या नेहमीच्या भाजीवाल्या मावशींपुढे थांबून मान वर केली आणि त्या उंच दगडी मनोऱ्याकडे बघतच राहिलो. एवढं मोठं काम इतकी वर्षं मला दिसलं कसं नाही?

“अहो, भाजी खाली असते,” मावशी म्हणाल्या.

“तुम्ही कधी वर बघितलंय का, मावशी?”

“मी वर बघत बसले, तर गिऱ्हाईक सगळ्या भेंड्यांची टोकं मोडून ठेवतं.”

मी खाली पाहिलं. माझ्या चिमटीत एक भेंडी होती आणि तिचं टोक मी कधीच मोडलं होतं.